संगणकाची किंमत आणि संगणकाचें मोल

बैलबाजारांत जोडी घेतांना जाणता शेतकरी दोन निरनिराळे आंकडे मनांत धरतो. एक आंकडा व्यापाऱ्यास द्यावयाच्या रकमेचा. दुसरा आंकडा, ती जोडी आपल्या रानांत किती हंगाम औत ओढील, तिला वैरण किती लागेल आणि पुढें विकावयाची झाल्यास हातीं काय येईल, याचा. पहिल्या आंकड्यास किंमत म्हणतात, दुसऱ्यास मोल. हे दोन्ही आंकडे एकच समजून जो व्यवहार करतो, त्यास बाजारांत ठोकर बसते. जनावराच्या बाबतींत हा विवेक आमच्या शेतकरी बंधूंस कोणी शिकवावा लागत नाहीं. परंतु अलीकडे घरोघरीं जी एक नवी चीज येऊं लागली आहे, तिच्या खरेदींत हा विवेक सुटलेला पुष्कळदां दिसतो. ती चीज म्हणजे संगणक.

हा विषय आतां मांडण्यास कारण आहे. २०१५ सालीं निघालेली विंडोज १० ही प्रणाली आपल्या जिल्ह्यांत पुष्कळ घरांत, दुकानांत व संस्थांत चालत आली. तिची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. तेव्हांपासून दुकानदार सांगतो कीं, जुना संगणक टाकून नवा घ्या. पुण्यास शिकणारा मुलगा कळवितो कीं, घ्यावयाचा तर ॲपलचा मॅकच घ्यावा, तो टिकतो. तिसरा कोणी भेटतो तो म्हणतो, लिनक्स फुकट आहे, पैसे कशास घालवितां? तिघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें आहे आणि तिघांचेंहि अपुरें आहे. हा सौदा चाळीस हजारांपासून लाखापर्यंतचा असतो. तेवढ्या रकमेंत कित्येकांच्या एका हंगामाचें बीं-खत येतें. म्हणून निर्णय ऐकीव गोष्टींवर न सोडतां हिशेबानें करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विंडोज, मॅक व लिनक्स

संगणकांत दोन गोष्टी असतात. एक यंत्र आणि दुसरी तें चालविणारी प्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. यंत्र म्हणजे बैल व औत. प्रणाली म्हणजे तें हाकणारा गडी. गडी कोणाचा आणि औत कोणाचें, यावरूनच भावांतील फरक उत्पन्न झाला आहे.

आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला पर्सनल काँप्युटर बाजारांत आणला, तेव्हां त्याचे महत्त्वाचे भाग बाहेरच्या कारखान्यांकडून घेतले होते. त्यामुळें थोड्याच काळांत इतर कारखानदारहि त्याच धर्तीचे संगणक करूं लागले. अशा संगणकांसाठीं मायक्रोसॉफ्टनें १९८५ सालीं विंडोज काढली. ॲपल कंपनीनें १९८४ सालीं मॅकिंटॉश हा संगणक काढला. त्याचें धोरण उलट होतें: यंत्रहि आपलें आणि प्रणालीहि आपलीच. लिनक्सचा उगम आणखी निराळा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. पुढें जगभरच्या लोकांनीं त्यांत भर घातली. कोणासहि ती विनामूल्य घेतां येते. आपल्या देशांत सी-डॅक या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ नांवाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांची सोय करून तयार केली आहे.

आतां भावाचें पहा. ज्या मोंढ्यांत दहा दुकानें एकाच प्रकारचा माल विकतात, तेथें चढाओढीनें भाव उतरतो. पण मालहि बरावाईट मिसळलेला असतो. विंडोजच्या संगणकांचें तसेंच आहे. कारखानदार अनेक असल्यामुळें स्वस्तांतील स्वस्त लॅपटॉपहि विंडोजचा मिळतो आणि मॅकपेक्षां महागहि मिळतो. मॅकचें दुकान एकच. तेथें हलका माल ठेवीत नाहींत आणि घासाघीस फारशी चालत नाहीं. मॅकबुक एअर हा लॅपटॉप मार्च २०२५ मध्यें निघाला तेव्हां त्याचा भारतांतील भाव ९९,९०० रुपयांपासून पुढें होता. २०२४ च्या अखेरीस आलेला मॅक मिनी ५९,९०० रुपयांपासून होता. मात्र त्यास पडदा, कळफलक व माऊस हीं वेगळीं घ्यावीं लागतात.

येथेंच पहिली चूक होते. दुकानांतला सर्वांत स्वस्त विंडोज लॅपटॉप एका हातीं आणि मॅकबुक दुसऱ्या हातीं घेऊन लोक तुलना करतात. ही तुलना खोंडाची व कसलेल्या बैलाची झाली. वरील दोन्ही मॅकमध्यें १६ जीबी स्मृति आहे. तुलना करावयाची तर तितकीच स्मृति, तितकीच साठवण व तशाच दर्जाचा पडदा असलेला विंडोज लॅपटॉप पुढें ठेवावा. मग भावांतील अंतर दर्शनीं वाटतें त्याहून पुष्कळ कमी भरतें. उलट, आपल्यास १६ जीबीचें कामच नसेल, तर स्वस्त यंत्र घेण्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

वर्षाचा खर्च काढावा

संगणक किती वर्षें उपयोगी पडेल यावर त्याचें मोल ठरतें. यासाठीं सोपी रीत अशी: खरेदीच्या रकमेंतून शेवटीं विकून येणारी रक्कम वजा करावी आणि बाकीस वर्षांनीं भागावें. खालील आंकडे केवळ उदाहरणादाखल समजावे.

समजा, एका शेतकऱ्यानें ४५,००० रुपयांचा विंडोज लॅपटॉप घेतला. तो ५ वर्षें चालला व शेवटीं ५,००० रुपयांस गेला. खर्च ४०,००० रुपये, म्हणजे वर्षास ८,००० रुपये. दुसऱ्यानें ९९,९०० रुपयांचा मॅक घेतला. तो ८ वर्षें चालला व १५,९०० रुपयांस गेला. खर्च ८४,००० रुपये, म्हणजे वर्षास १०,५०० रुपये. तिसऱ्यानें घरांतीलच जुना संगणक घेऊन त्यांत ५,००० रुपयांची नवी साठवण-डिस्क व स्मृति बसविली, लिनक्स घातली आणि आणखी ३ वर्षें काम काढलें. त्याचा वर्षाचा खर्च सुमारें १,६६७ रुपये.

पहिल्या दोघांच्या खरेदींत फरक ५४,९०० रुपयांचा होता. वर्षाच्या हिशेबांत तो अडीच हजारांचाच उरला. मॅक टिकतो असें म्हणणाऱ्याच्या बोलण्यांत जें तथ्य आहे तें हें. परंतु शेतकऱ्याच्या हिशेबांत आणखी एक रकाना असतो, जो नोकरदाराच्या हिशेबांत नसतो. तो व्याजाचा. वरचे ५४,९०० रुपये शेकडा १० दरानें कर्जाऊ घेतले, तर पहिल्याच वर्षीं ५,४९० रुपये व्याज पडतें आणि अडीच हजारांचा फरक त्या वर्षापुरता आठ हजारांच्या घरांत जातो. तीच रक्कम ठिबकाच्या नळ्यांत अगर विहिरीच्या मोटारींत घातली असतां काय उत्पन्न झालें असतें, हेंहि त्यांत धरलें पाहिजे. सारांश, ज्याच्या हातीं शिलकी पैसा आहे व ज्याचें काम रोज संगणकावर आहे, त्यास मॅक महाग नव्हे. ज्यास पेरणीच्या तोंडावर कर्ज काढून घ्यावा लागतो, त्यास तो खात्रीनें महाग आहे.

टिकाऊपणाची मुदत प्रणालीच्या देखभालीवरहि अवलंबून असते. देखभाल संपली म्हणजे संगणक बंद पडतो असें नाहीं. परंतु त्या प्रणालींत पुढें सांपडणारीं भगदाडें कोणी बुजवीत नाहीं. बांधास पडलेलें भोंक पहिल्या पावसांत दिसत नाहीं, पण तेथूनच शेत वाहून जातें. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तो अशा स्थितींत ठेवणें धोक्याचें आहे. विंडोज ११ ही पुढील प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्यें निघाली. तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय व तुलनेनें नवा प्रोसेसर लागतो, म्हणून बरेच चांगले चालते संगणक ती स्वीकारीत नाहींत. असे संगणक भंगारांत देण्यापूर्वीं त्यांत लिनक्स घालून पाहावी. मॅकच्या बाजूसहि सावधपणा हवा. सप्टेंबर २०२५ मध्यें आलेली टाहो ही आवृत्ति इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकसाठीं शेवटची, असें ॲपलनें जाहीर केलें आहे. म्हणून कोणी जुना इंटेल मॅक स्वस्तांत देऊं लागला, तर तो दांत पाहिल्याशिवाय घेतलेल्या बैलासारखा ठरेल. नोव्हेंबर २०२० मध्यें ॲपलचाच एम १ प्रोसेसर असलेला जो मॅकबुक एअर आला, त्यावर ही टाहो आवृत्ति चालते.

कामावरून यंत्र ठरवावें

वर्षाचा खर्च कितीहि कमी आला, तरी आपलें काम ज्यावर होत नाहीं त्या संगणकाचें मोल शून्य. म्हणून खरेदीपूर्वीं आपल्या कामाची यादी कागदावर लिहून काढावी. शेतकऱ्याच्या घरचें काम साधारणतः तीन प्रकारचें असतें.

पहिला प्रकार सरकारी दप्तराचा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळूं लागला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, ती तर मोबाईलवरूनच करावयाची. महाडीबीटीवरील योजनांचे अर्ज, बाजारभाव, हवामानाचा अंदाज हीं सर्व कामें ब्राउझरमधून होतात. क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर मिळतात. तेव्हां केवळ एवढ्याच कामासाठीं कोणत्याहि प्रणालीचे जास्त पैसे मोजणें व्यर्थ आहे. लिनक्स घातलेला जुना संगणक त्यास पुरे; आणि महिन्यांतून दोनदांच काम पडत असेल, तर हातांतील मोबाईलच पुरे.

दुसरा प्रकार हिशेबाचा. कृषि-सेवा केंद्र, दूध-संकलन, आडत अगर पतसंस्था चालविणाऱ्यास टॅली लागते. टॅली ही विंडोजसाठीं लिहिलेली आहे. इतरत्र ती चालविण्यास आडमार्ग शोधावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन व अंगठ्याचें यंत्र यांचेंहि तसेंच. त्यांस लागणारें सॉफ्टवेअर विंडोजसाठीं हटकून मिळतें, इतर प्रणालींसाठीं मिळेलच असें नाहीं. अशा ठिकाणीं फुकट लिनक्सहि महाग पडते आणि उंची मॅकहि अडून बसतो. येथें विंडोजच योग्य. मात्र ती परवान्याची असावी. चोरटी प्रत घालून दोन पैसे वांचविणें म्हणजे तिजोरीस पितळी कुलूप लावून किल्ली कुलपासच ठेवणें होय.

तिसरा प्रकार मुलांच्या शिक्षणाचा. येथें मुलाची हौस न विचारतां महाविद्यालयाची यादी विचारावी. यांत्रिक अभियांत्रिकीस लागणारें सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतें. संगणकशास्त्र शिकणाऱ्यास लिनक्स आली पाहिजे, आणि ती स्वस्त यंत्रावरहि शिकतां येते. चित्रफितींचें संपादन शिकणाऱ्यास मॅकचा उपयोग चांगला होतो. वाणिज्य शाखेच्या मुलास टॅली हवी, म्हणजे विंडोज हवी. मुलीस लॅपटॉप घ्यावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न कांहीं घरांत अजून निघतो म्हणून लिहितों कीं, वरील यादींत मुलगा व मुलगी असा भेद कोठेंच येत नाहीं.

वीज, धूळ व दुरुस्ती

शहरांतील मासिकें यंत्रांची तुलना थंड खोलींत बसून करतात. आपल्याकडे मे महिन्याचें ऊन, वावटळीची धूळ आणि वेळीं-अवेळीं जाणारी वीज यांचा हिशेब धरणें भाग आहे. डेस्कटॉप घेतला तर त्याबरोबर यूपीएस घ्यावाच लागतो व त्याची बॅटरी कांहीं वर्षांनीं बदलावी लागते. हा खर्च किमतींत मिळवावा. लॅपटॉपास स्वतःची बॅटरी असल्यामुळें वीज गेली तरी लिहिलेलें काम जात नाहीं. या बाबतींत मॅकबुक एअरची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एम १ पासूनच्या या लॅपटॉपांत पंखाच नाहीं, त्यामुळें तो धूळ आंत ओढीत नाहीं, आणि वीजहि थोडी खातो.

परंतु बिघडल्यावर काय? साध्या विंडोज डेस्कटॉपाचा एक भाग गेला तर तालुक्याच्या गांवीं कारागीर तो बदलून देतो. त्याचे भाग अनेक कारखान्यांचे व सुटे मिळतात. मॅकबुकची स्मृति प्रोसेसरशींच जखडलेली असते, ती पुढें वाढवितां येत नाहीं. पुष्कळशा पातळ विंडोज लॅपटॉपांचीहि आतां हीच गत आहे. म्हणून कोणताहि लॅपटॉप घेण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: स्मृति व डिस्क पुढें वाढवितां येते काय, आणि अधिकृत दुरुस्ती-केंद्र आपल्या गांवापासून किती दूर आहे? आष्टीच्या माणसास अहिल्यानगर जवळ, गेवराईच्या माणसास छत्रपती संभाजीनगर सोयीचें, अंबाजोगाईच्या माणसास लातूर. त्या त्या दिशेनें चौकशी करावी. दोन खेपांचें भाडें व बुडालेले दिवस हाहि दुरुस्तीचाच खर्च आहे.

यंत्रापेक्षां दप्तर मोलाचें

आतां जी गोष्ट दुकानांत कोणीच सांगत नाहीं ती सांगतों. संगणक जुना होऊन जातो; त्यांतील दप्तर राहावयाचें असतें. आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळचे महसुली कागद उर्दूंत आहेत आणि त्याहून जुने गांवकीचे व घराण्यांचे कागद मोडींत आहेत. महसूल खात्यांत नोकरी करतांना प्रस्तुत लेखकानें वारंवार पाहिलें कीं, कागद शाबूत आहे, शिक्का शाबूत आहे, पण तो वाचणारा मिळत नाहीं म्हणून पक्षकार दारोदार हिंडत आहे. कागदाची किंमत कोणी कमी केली नव्हती. वाचणारा नाहींसा झाल्यामुळें त्याचें मोल अडून बसलें होतें.

संगणकावरील मराठीचीहि अशीच गत एका पिढींत होऊन गेली. युनिकोड प्रचारांत येण्यापूर्वीं कृतिदेव, श्रीलिपी इत्यादि फॉन्टांत मराठी टंकलेखन होई. प्रत्येक फॉन्टाची मांडणी निराळी. संगणकाच्या पोटांत मराठी अक्षर नसून परकी सांकेतिक खूण असे आणि तिच्यावर मराठी अक्षराची आकृति चढविलेली असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तें दप्तर उघडलें कीं अर्थहीन खुणा दिसत. युनिकोडनें ही अडचण मोडली. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व तिच्यांत देवनागरी होती. युनिकोडांत लिहिलेला मजकूर विंडोज, मॅक, लिनक्स व मोबाईल या सर्वांवर सारखाच दिसतो. टंकलेखनासाठीं इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही प्रणालींत आधींच असतो. त्यास वेगळे पैसे पडत नाहींत.

म्हणून ज्या संस्थेचे ठराव, सभासद-यादी व कर्जखात्यांचे उतारे अजून जुन्या फॉन्टांत असतील, तिनें नवा संगणक घेण्यापूर्वीं तें दप्तर युनिकोडांत करून घ्यावें. बदलून देणारीं साधनें मिळतात. परंतु नांवें, गट-क्रमांक व रकमा माणसानें डोळ्यांनीं ताडून पाहाव्या. तसेंच दप्तर एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवांचून उघडणार नाहीं अशा स्वरूपांत ठेवूं नये. लिब्रेऑफिस हें विनामूल्य सॉफ्टवेअर तिन्ही प्रणालींवर चालतें; साध्या पत्रव्यवहारास व तक्त्यांस तें पुरेसें आहे. दप्तराची एक प्रत संगणकांत, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या जागीं ठेवावी. ज्याचें दप्तर असें मोकळें आहे, त्यास उद्यां प्रणाली बदलावयाची झाली तरी कोणी अडवूं शकत नाहीं. ज्याचें दप्तर अडकलें आहे, तो पुढच्या खरेदींत भाव विचारण्याच्या स्थितींत राहात नाहीं.

संस्थांच्या बाबतींत एक सरकारी हिशेब लक्षांत ठेवण्यासारखा आहे. २९ जून २०२२ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ६३,००० प्राथमिक कृषि-पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सरासरी काढली तर दर संस्थेस सुमारें ४ लाख रुपये येतात. एका संगणकास एवढे पैसे लागत नाहींत हें उघड आहे. त्या रकमेंत सामाईक सॉफ्टवेअर, सुरक्षा, जुन्या नोंदी संगणकावर चढविणें, देखभाल व शिक्षण हीं सर्व धरलेलीं आहेत. यांतून घ्यावयाचा धडा असा कीं, यंत्राची किंमत हा खर्चाचा एक भाग आहे. जी संस्था सर्व रक्कम यंत्रांत घालते व सचिवास शिकविण्यास एक रुपया ठेवीत नाहीं, तिचा संगणक पुढें कापडाखालीं झांकून राहतो.

सारांश

वरील विवेचनावरून असें ठरवितां येईल. केवळ सातबारा, अर्ज व पत्रव्यवहार असेल तर नवी खरेदी करूं नये. जुन्या संगणकावर लिनक्स घालावी. टॅली, टोकन अगर अंगठ्याचें यंत्र असेल तर परवान्याची विंडोज घ्यावी, आणि स्मृति वाढवितां येईल असें यंत्र निवडावें. रोजचें दीर्घ काम असेल, पैसा शिलकी असेल व लागणारें सॉफ्टवेअर मॅकवर चालतें याची खात्री झाली असेल, तर मॅकचे जास्त पैसे वाया जात नाहींत. मुलांसाठीं महाविद्यालयास विचारून मग दुकानांत जावें. आणि तिन्ही बाबतींत आपलें दप्तर युनिकोडांत, खुल्या स्वरूपांत व तीन प्रतींत ठेवावें.

दुकानदार किंमत सांगतो, तें त्याचें कामच आहे. मोल मात्र ज्यानें त्यानें आपल्या घरचें काम, आपल्या हातचा पैसा व आपल्या गांवची सोय पाहूनच ठरवावयाचें असतें. जमिनीचा तुकडा घेतांना जो शेतकरी आधीं विहीर, वाट व फेरफार पाहतो आणि मगच बयाणा देतो, त्यास ही गोष्ट अवघड जाण्याचें कारण नाहीं.